सिग्नलला गाडी बंद पडते, आरपीएम वरखाली होतो: स्क्रूला हात लावण्याआधी काय तपासायचं

आधी लक्षणं. गेल्या सोळा-सतरा वर्षांत हा एकच बिघाड माझ्यासमोर इतक्या रूपांत आला आहे की तुमची गाडी त्यातल्या कुठल्या रूपात बसते हे आधी ठरवलेलं बरं. पुढचा अर्धा वेळ त्यानेच वाचतो.

- इंजिन गरम झाल्यावर सिग्नलला किंवा स्पीड ब्रेकरला क्लच दाबला की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) कोसळतो आणि गाडी बंद पडते. चावी मारली की लगेच सुरू होते.
- उभ्या गाडीत काटा ८०० वरून १५०० वर जातो, परत येतो, पुन्हा जातो. गॅरेजमध्ये याला हंटिंग म्हणतात.
- आयडलिंग, म्हणजे पाय काढल्यावर इंजिन स्वतःहून चालतं तो वेग, चढलेलंच राहतं, १२०० ते १५००. ॲक्सिलरेटर सोडला तरी गाडी पुढे ओढत राहते.
- एसी लावला किंवा स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं की इंजिन थरथरतं, कधी बंदही पडतं.
- सकाळी थंड इंजिन स्वतःहून चालू राहत नाही, दोन-तीन मिनिटं रेस धरून ठेवावी लागते.
- चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर हळू दाबत नेला तर एका ठरावीक जागी झटका बसतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे गाडी उत्तम.

पहिलं, चौथं आणि पाचवं लक्षण असेल तर बहुतेक वेळा हवेची वाट काजळीने बुजलेली असते किंवा आयडल व्हॉल्व्ह अडकलेला असतो. दुसरं आणि तिसरं असेल तर कुठून तरी जादा हवा आत येते आहे. शेवटचं, म्हणजे ठरावीक जागचा झटका, दिसला की माझा पहिला संशय थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) सेन्सरवर.

हे सगळं मी केबल असलेल्या पेट्रोल गाड्यांबद्दल लिहितो आहे. बॉनेट उघडा, घरातल्या कुणाला तरी इंजिन बंद असताना ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि बघा. तारेची केबल ओढली जाऊन थ्रॉटलचं चाक फिरत असेल तर ही तुमची गाडी. केबल दिसतच नसेल, थ्रॉटलच्या अंगाला मोटरचा काळा डबा असेल, तर तो इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल. तशा गाडीत फिल्टर, होज पाइप आणि कोड वाचणं एवढंच घरी करा. त्यातली चकती बोटाने ढकलू नका, आतले गिअर बारीक असतात आणि चावी चालू असेल तर चकती अचानक मिटून बोट सापडतं.

आत नेमकं काय चालतं

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटल बॉडीतली गोल चकती जवळपास पूर्ण मिटते. मग इंजिनाला चालू राहण्यापुरती हवा मिळते कुठून? चकतीला वळसा घालून जाणारी एक बारीक वाट असते आणि त्या वाटेच्या तोंडाशी आयडल व्हॉल्व्ह बसलेला असतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्याला मागेपुढे करून हवा कमी-जास्त करतो. एसीचा कॉम्प्रेसर लागला, हेडलाइट लावले, स्टिअरिंगचा भार आला, की ईसीयू ती वाट थोडी जास्त उघडतो आणि आरपीएम सांभाळतो.

चकतीच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला थ्रॉटल पोझिशन सेन्सर असतो, बोलीत टीपीएस. चकती किती उघडी आहे, एवढीच बातमी तो ईसीयूला देतो. पण त्या बातमीवर बरंच अवलंबून असतं. ‘चकती मिटली आहे’ हे कळलं तरच ईसीयू आयडलिंग सांभाळायचं काम हाती घेतो.

पेट्रोल नीट जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. हा हिशेब ईसीयू सतत जुळवत असतो. चोरवाटेने हवा आली की काय होतं हे गाडीच्या पद्धतीवर आहे. मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) असलेल्या गाडीत ती हवा दाबावरून धरली जाते, ईसीयू तितकं पेट्रोल सोडतो आणि आयडलिंग चढतं. एअर फ्लो मीटर असलेल्या गाडीत ती मोजलीच जात नाही, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन थरथरतं. एकच फाटका पाइप दोन गाड्यांत दोन वेगळी लक्षणं का दाखवतो, ते यातून कळतं.

तो स्क्रू

थ्रॉटलच्या लिव्हरला टेकलेला एक छोटा स्क्रू दिसेल, तो स्टॉप स्क्रू. त्यावर रंगाचा ठिपका असेल, कधी टोपी किंवा सील असेल. कार्ब्युरेटरच्या काळात ‘स्लो सेट करणं’ हे खरोखर स्क्रूचं काम होतं आणि जुन्या मेकॅनिकांचा हात त्यात तयार असे. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, पेट्रोल गाड्यांतून कार्ब्युरेटर गेले, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी पद्धत) आलं. सवय मात्र राहिली. एमपीएफआयमधला हा स्क्रू मिटलेली चकती भिंतीला घासून अडकू नये एवढ्यासाठी कारखान्यात बसवलेला असतो. तो पिळला की चकती थोडी उघडी राहते, आयडलिंग चढतं, गिऱ्हाईक समाधानाने घरी जातं. पण टीपीएसचं व्होल्टेज वर सरकलेलं असतं. काही गाड्यांत ईसीयूला वाटतं की ड्रायव्हरने पाय ठेवला आहे, आणि तो आयडलिंग सांभाळायचं सोडून देतो.

आमच्या शेजारच्या काकांच्या गाडीचं असंच झालं होतं. कुठल्याशा गॅरेजमध्ये स्क्रू दीडेक वेढा पिळून घेतलेला. दोन-तीन महिने बरे गेले. मग मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकीच्या चढाला, ट्रकांच्या रांगेत पहिल्या गिअरवर सरकताना, एसी चालू असताना गाडी तीनदा बंद पडली. तिसऱ्या वेळी ती मागे घरंगळली. इंजिन बंद असलं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये (पायाचा जोर वाढवणारा डबा) साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदाच ब्रेक हलका लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. काकांनी हँडब्रेक ओढला म्हणून मागच्या ट्रकपर्यंत गाडी गेली नाही. मागच्या सीटवर काकू आणि नातू होते. त्या दिवसापासून मी या बिघाडाला ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणत नाही, आणि कुणी म्हटलं तर त्याला थांबवतो.

म्हणून क्रम असा: फुकटचं आधी, खर्चाचं नंतर, स्क्रू सर्वांत शेवटी.

काम सुरू करताना गाडी उघड्यावर लावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि जीव घेतो. हँडब्रेक, न्यूट्रल, चाकामागे दगड. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, तेव्हा ओढणी, पदर, सैल बाही आणि हातातलं कडं-अंगठी दूर. कुठलाही कपलर (वायरींचा जोड-प्लग) काढताना चावी बंद.

एक पैसाही न लागणाऱ्या तपासण्या

गाडीला सीएनजी किट असेल तर आधी गाडी पेट्रोलवर करा आणि एक दिवस तशीच चालवा. बिघाड फक्त गॅसवर येत असेल तर दोष बहुधा किटच्या बाजूला आहे: रिड्यूसर, गॅसचा फिल्टर, गॅस इंजेक्टर. ते काम अधिकृत किटवाल्याचं, घरचं नाही. उलट बिघाड फक्त पेट्रोलवर येत असेल, तर तुम्ही वर्षभर पेट्रोलवर गाडी चालवलीच नाही का, हे आठवा. वापराविना पडलेले पेट्रोल इंजेक्टर चिकट होतात. दोन्हींवर सारखाच त्रास असेल तरच पुढची यादी तुमच्या कामाची.

मग पायाखालची चटई. मागून घेतलेली जाड मॅट पेडलखाली दुमडते आणि ॲक्सिलरेटर पूर्ण सुटत नाही. दोन गाड्यांचं ‘चढलेलं आयडलिंग’ मी फक्त मॅट काढून घालवलं आहे.

नंतर केबल. पेडल मोकळं असताना थ्रॉटलजवळ केबल बोटाने हलवून बघा, ती किंचित सैल लागली पाहिजे. ताठ ओढलेली असेल तर चकती पूर्ण मिटत नाही. तिथेच दोन नट असतात, एक सैल करून दुसऱ्याने थोडी ढील द्या. आता चाक हाताने फिरवून सोडा, ते टकदिशी स्क्रूवर येऊन आपटलं पाहिजे. रेंगाळत असेल तर केबलच्या आतल्या तारा गंजल्या आहेत किंवा थ्रॉटलच्या तोंडाला काजळी आहे. तार सुटी होऊन पिंजली असेल तर केबल बदलाच, तिला तेल घालून चालवू नका. अडकलेला ॲक्सिलरेटर हा बंद पडणाऱ्या इंजिनापेक्षा वाईट.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: त्रास बॅटरी काढल्यापासून सुरू झाला का? बऱ्याच गाड्यांचा ईसीयू काजळी साचत जाते तशी आयडल व्हॉल्व्हची जागा शिकत जातो. बॅटरी काढली की ते शिकलेलं पुसलं जातं आणि गाडी अचानक बंद पडायला लागते. अशा वेळी लोक नव्या बॅटरीला दोष देतात. दोष काजळीचा असतो, बॅटरीने तो उघडा पाडलेला असतो.

कूलंटची पातळी थंड इंजिनावरच बघा, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. कूलंट कमी असेल तर तापमानाच्या सेन्सरभोवती हवेचा फुगा राहतो, ईसीयूला कधी थंड कधी गरम असं वाचन मिळतं आणि आरपीएम हेलकावे खातो. कूलंट भरून पुन्हा कमी होत असेल तर गळती शोधा, आयडलिंगची चर्चा नंतर.

कोड वाचून घ्या

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल आणि गाडीला ओबीडी सॉकेट (ईसीयूचे कोड वाचायची जोडणी) असेल तर स्वस्तातलं ब्लूटूथ स्कॅनर मोबाइलला जोडून कोड बघता येतो. पी०५०६ म्हणजे आयडलिंग हवं त्यापेक्षा कमी, पी०५०७ म्हणजे जास्त, पी०५०५ म्हणजे आयडल नियंत्रणातच गडबड. पी०१२१, पी०१२२, पी०१२३ हे थ्रॉटल सेन्सरचे: वाचन पटत नाही, व्होल्टेज फार कमी, व्होल्टेज फार जास्त. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ.

पण कोड हा पत्ता आहे, निदान नाही. पी०१२२ आला म्हणून सेन्सर बदलू नका. तुटलेली वायरही हाच कोड देते. आणि दिवा लागला नाही म्हणून सगळं ठीक असंही नाही, काजळीने बुजलेली वाट कित्येकदा एकही कोड देत नाही.

हवा कुठून येते ते शोधा

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसत नसेल तर बदला. पण फिल्टर बदलून आयडलिंग सुधारलं असं मी फार क्वचित पाहिलं आहे. फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंत जाणारा रबरी बूट हा खरा गुन्हेगार. त्याच्या घड्यांच्या आतल्या बाजूला चीर असते, वरून दिसत नाही. बूट काढून हातात घेऊन वाकवून बघा.

मग इनटेक मॅनिफोल्डवर (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग) येणारे सगळे बारीक पाइप एकेक करून: पीसीव्हीचा (इंजिनातली तेलकट वाफ परत आत नेणारा), ब्रेक बूस्टरचा जाड पाइप, मॅप सेन्सरचा, पेट्रोल टाकीच्या वाफेच्या पर्ज व्हॉल्व्हचा. दहा वर्षांचं रबर बॉनेटखालच्या उष्णतेने लाकडासारखं होतं, आणि चीर नेहमी टोकाला, क्लिपच्या खाली असते. ते टोक कापून पाइप परत चढवला तरी काम होतं, पाइप ताणला जाणार नसेल तर.

चालू इंजिनावर शोधायचं तर साध्या पाण्याची फवारणीची बाटली घ्या आणि एकेका जोडावर थोडं पाणी मारा. चिरेवर पाणी गेलं की क्षणभर ती बुजते आणि आरपीएम बदलतो. कॉइल, प्लगची वायर, कपलर यांवर पाणी मारू नका. कार्ब क्लीनर फवारून शोधायची पद्धत गॅरेजमध्ये चालते, तुम्ही ती वापरू नका. गरम एक्झॉस्टवर तो पेट घेतो. अगरबत्तीचा धूर ओढला जातो का बघायची युक्तीही मी ऐकली आहे. पेट्रोलच्या वाफेजवळ विस्तव न्यायचा नाही, एवढंच त्यावर माझं उत्तर.

ब्रेक बूस्टरची तपासणी वेगळी. इंजिन बंद करून पेडल तीन-चार वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, किंवा पेडल दाबल्यावर आयडलिंग बदलतं आणि सुं असा आवाज येतो, तर बूस्टर किंवा त्याचा पाइप हवा ओढतो आहे. हे ब्रेकचं काम झालं. इथे थांबा, गाडी मेकॅनिककडे न्या.

पेट्रोल भरल्यावर लगेचच गाडी अडखळते, एरवी नाही? तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असण्याची दाट शक्यता आहे. त्याचा टाकीकडचा पाइप काढून आयडलिंगला व्हॉल्व्हच्या त्या तोंडाला बोट लावा, गरम इंजिनाच्या आयडलिंगला तिथे सतत जोरदार ओढ नसावी. शंका आली तर व्हॉल्व्हची पक्की चाचणी गॅरेजमध्ये करून घ्या.

पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली येतात. वायरिंगबरोबर ते हे बारीक पाइपही कुरतडतात. बॅटरीच्या ट्रेखाली शेंगांची टरफलं दिसली की मी आधी पाइप मोजतो.

थ्रॉटल बॉडी साफ करणं

दहा गाड्यांतल्या सहा-सात इथेच बऱ्या झाल्या आहेत, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पीसीव्हीमधून येणारी तेलकट वाफ चकतीच्या कडेला बसते, त्यावर धूळ चिकटते, आणि चकतीभोवती काळी कडी तयार होते. आयडलिंगला हवा जाण्याची फट केसाएवढी, त्यात ही कडी. आयडल व्हॉल्व्हची वाटही तशीच बुजत जाते. ईसीयू व्हॉल्व्ह जास्त जास्त उघडून सांभाळून घेतो आणि एक दिवस त्याची मर्यादा संपते. तोवर तुम्हाला काहीच कळत नाही.

इंजिन थंड, चावी बंद. रबरी बूट काढा. थ्रॉटल बॉडी क्लीनरचा डबा सुट्या भागांच्या दुकानात दोन-चारशे रुपयांत मिळतो. तो थेट आत ओतू नका. जुन्या सुती बनियनच्या फडक्यावर मारा, चकती हाताने उघडी धरा, कडेवरची आणि भिंतीवरची कडी पुसून काढा. हट्टी जागी जुना मऊ टूथब्रश. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, चाकू यांतलं काही नको. काही थ्रॉटल बॉड्यांच्या आत कारखान्यातच पातळ लेप दिलेला असतो, तो खरवडला गेला की आयडलिंग कायमचं बिघडतं. पेट्रोलने धुऊ नका, आग लागते. दांड्याच्या टोकाला जिथे टीपीएस आहे तिकडे द्रव जाऊ देऊ नका, सेन्सरच्या आतला कार्बनचा पट्टा त्याने खराब होतो.

बूट परत लावा, क्लिप घट्ट करा. पहिल्यांदा सुरू करताना गाडी थोडी धूर सोडेल, अडखळेल, मिनिटभरात ठीक होईल.

आयडल व्हॉल्व्ह

साफ करूनही त्रास आहे तर आता व्हॉल्व्ह. आधी कानाने: काही गाड्यांत चावी चालू-बंद करताना त्यातून बारीक किर्र आवाज येतो, बोट ठेवलं तर थरथर जाणवते. मग गरम इंजिनावर एसी लावून बघा. कॉम्प्रेसर लागताना आरपीएम क्षणभर खाली जाऊन सावरला तर व्हॉल्व्ह जिवंत आहे. सावरत नसेल तर तो अडकला आहे, त्याला वीज मिळत नाही किंवा एसीचा निरोप ईसीयूपर्यंत पोहोचत नाही.

तो थ्रॉटल बॉडीवर दोन-तीन स्क्रूंनी बसलेला असतो. हे स्क्रू मऊ असतात आणि जाम असतात. नेमक्या मापाचाच स्क्रू ड्रायव्हर घ्या, डोकं गुळगुळीत व्हायला लागलं तर जोर लावणं थांबवा. काढल्यावर टोकाचा शंकू आणि बॉडीतलं भोक दोन्ही फडक्याने पुसा. मधलं रबरी पॅकिंग चपटं झालं असेल तर नवंच घाला, जुन्या पॅकिंगमुळे नवी चोरवाट तयार होते.

शंकू हाताने ओढू किंवा दाबू नका. त्याला पुढेमागे सरकवणाऱ्या स्टेपर मोटरच्या आत बारीक आटे असतात. माझ्या स्वतःच्या गाडीचा व्हॉल्व्ह मी असाच बोटाने आत ढकलून तोडला होता, आणि केवळ काजळी असलेला चांगला भाग मला नवा घ्यावा लागला. व्हॉल्व्ह क्लीनरमध्ये बुडवूनही ठेवू नका, मोटरमध्ये द्रव शिरतो.

चार वायरींचा स्टेपर असेल तर मल्टिमीटरने दोन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स मोजा. आकडा गाडीगणिक वेगळा असतो. दोन्ही जोड्या जवळपास सारख्या हव्यात. एक जोडी चालू आणि दुसरी उघडी (तुटलेली) दाखवली तर व्हॉल्व्ह गेला.

थ्रॉटल सेन्सर

इथे मल्टिमीटर हवाच, तीन-चारशे रुपयांचा चालतो. सेन्सरला बहुधा तीन वायरी: एकीवर ईसीयूकडून येणारे ५ व्होल्ट, एक अर्थ, एक सिग्नल. चौथी वायर असेल तर आत आयडल स्विच आहे, चकती मिटल्याचं सांगणारा.

आधी सेन्सर नाही, वायरी. कपलर काढून आत हिरवट बुरशी आहे का बघा. कोकणातून आलेल्या गाड्यांत ती हमखास सापडते. आणि सीएनजी किट असेल तर टीपीएसची सिग्नल वायर शोधा. बऱ्याच किटांना हा सिग्नल लागतो, म्हणून फिटर ती वायर सोलून, दुसरी वायर पिळून, वरून टेप गुंडाळतो. दोन पावसाळ्यांनंतर तो जोड काळा पडतो आणि सिग्नल तुटक मिळतो. नवा सेन्सर टाकूनही झटका जात नाही म्हणून माझ्याकडे आलेल्या तीन गाड्यांत दोष या एका जोडात होता. सोल्डर करून, वर हीट श्रिंक नळी चढवून तो नीट करा. किट वॉरंटीत असेल तर किटवाल्याकडूनच.

मग मोजणी. कपलर लावलेलाच ठेवा, त्याच्या मागून सिग्नल वायरीच्या कडेने टाचणी सरकवा, वायरीला भोक पाडू नका. चावी चालू, इंजिन बंद. मीटरची एक काडी टाचणीला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर. चकती मिटलेली असताना सिग्नलवर बहुतेक गाड्यांत अर्धा ते एक व्होल्ट दिसतो, पूर्ण उघडल्यावर साडेतीन ते साडेचारच्या आसपास. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

मला त्या आकड्यापेक्षा चाल महत्त्वाची वाटते. चकती अगदी हळू, दहा-पंधरा सेकंद घेत उघडा. व्होल्टेज सलग चढलं पाहिजे. मधेच ०.२ वर कोसळून परत आलं, तर त्या जागी आतला पट्टा झिजला आहे. जास्तीत जास्त चालवणं जिथे होतं तिथेच, म्हणजे सुरुवातीच्या पाव भागात, तो झिजतो. म्हणून तेवढा भाग तीन-चारदा तपासा. काट्याचा जुना मीटर मिळाला तर आणखी चांगलं, डिजिटल मीटर क्षणभराची घसरण कधी कधी दाखवत नाही. शेवटी चकती टकदिशी सोडा आणि मिटलेला आकडा पुन्हा बघा, असं पाच वेळा. पाचही वेळा तोच आला पाहिजे. एकदा ०.५२, एकदा ०.७१ असं होत असेल तर ईसीयूला मिटलेली जागा कळणारच नाही. झिजलेला सेन्सर दुरुस्त होत नाही. बदला.

आता ॲडजस्टमेंट. सेन्सरच्या स्क्रूंची भोकं गोल असतील तर तो फिरवायचा नसतोच, विषय संपला. भोकं लांबट असतील तरच तो सेट होतो. जुन्या जागेवर आधी मार्करने रेघ मारा, फोटो काढा. मीटर लावून ठेवा, स्क्रू किंचित सैल करा, सेन्सर केसभर फिरवून मॅन्युअलचा आकडा आणा, आणि घट्ट करा. घट्ट करताना आकडा हलतो, म्हणून घट्ट केल्यावर पुन्हा वाचा. आयडल स्विच असलेल्या गाड्यांत मॅन्युअल फीलर गेजची (फट मोजायची पातळ पट्टी) जाडी देतं: ती पट्टी स्टॉप स्क्रू आणि लिव्हरमध्ये ठेवून स्विच केव्हा लागावा, केव्हा सुटावा हे जुळवायचं. अंदाजाने फिरवू नका.

स्क्रूवरचा रंग तुटलेला असेल, कुणीतरी तो पिळलेला दिसत असेल, तर त्याची मूळ जागा मॅन्युअलच्या पद्धतीने आणावी लागते, आणि ती टीपीएसच्या आधी. मॅन्युअल नसेल तर हे काम करू नका. काकांच्या गाडीत मी स्क्रू परत आणला, व्हॉल्व्हची वाट साफ केली, मग मीटर लावला. सेन्सर मुळात ठीकच होता.

सगळं झाल्यावर

बॅटरीची निगेटिव्ह केबल दहा मिनिटं काढून परत लावा, आधी रेडिओचा कोड लागतो का ते बघून. मग ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी सुरू करा आणि रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत तशीच चालू द्या. त्यानंतर एसी लावून पाच मिनिटं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळी पद्धत असेल तर तीच. गरम इंजिनावर ७०० ते ९०० च्या आसपास, एसीवर त्याहून थोडं वर, अशी स्थिर आयडलिंग दिसली पाहिजे. पहिले दोन-तीन दिवस गावातच चालवा, घाटात नेऊ नका.

कुठे थांबायचं

पुढचं काहीही दिसलं तर पाना खाली ठेवा आणि माणूस बोलवा.

पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येतो आहे: इंजिन बंद, चावी बंद, गॅसचा सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह बंद, सगळे दूर. थ्रॉटल उघडा अडकतो आहे: गाडी चालवत न्यायची नाही, टो करून न्या. एखादा सिलिंडर मिस होतो आहे, प्लग-कॉइल बदलूनही थरथर तशीच: कॉम्प्रेशन मोजावं लागेल, ते घरी होत नाही. सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट येतच नाहीत: वायर किंवा ईसीयू, इथे वायरिंगचा नकाशा असलेला ऑटो इलेक्ट्रिशियनच हवा. ब्रेकचं पेडल कडक: आजच्या आज. गाडी वॉरंटीत आहे: कपलरसुद्धा काढू नका.

आणि गाडी मेकॅनिककडे नेताना काय तपासलं, काय आकडे आले, ते कागदावर लिहून द्या. ‘मिटलेला ०.५, पूर्ण उघडा ४.२, सलग चढतो, पाइप बघितले, थ्रॉटल साफ केला’ एवढ्या एका ओळीने त्याचा दिवस वाचतो. त्याला हेही स्पष्ट सांगा की स्टॉप स्क्रूला हात लावायचा असेल तर आधी तुम्हाला फोन करावा.